एमजीबीच्या जोड एसयू कार्बोरेटरला बुश घालून घेतले: नऊ महिने आणि ३,२०० मैलांनंतरचा अनुभव

फेब्रुवारीत माझ्या १९७० च्या एमजीबी रोडस्टरचे (जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार) दोन्ही एसयू कार्बोरेटर (हवा नि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारे) उतरवले, बॉडीला बुश (झिजलेल्या भोकात बसवायची नळी) आणि नवीन स्पिंडल (त्यात फिरणारी दांडी) बाहेरून घालून घेतले आणि बाकीचं सगळं घरच्या गॅरेजमध्ये स्वतः जोडलं. आता नोव्हेंबर चालू आहे, मधे ३,२०० मैल झालेत. मुद्दाम थांबले होते, कारण काम झाल्यावर पहिल्या आठवड्यात कुठलीही गाडी छानच चालते, खरं काय ते सहा-आठ महिन्यांनी कळतं.

मी कॉव्हेंट्रीत राहते, मूळची मिरजेची. गाडी तीन वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका आजोबांकडून घेतली. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली, सगळे प्रकार धरून पाच लाखांच्या वर, म्हणून पार्ट आजही मिळतात. इंजिन १७९८ सीसीचं बी-सिरीज. आपल्याकडच्या जुन्या अँबॅसिडरमध्ये १४८९ सीसीचं जे पेट्रोल इंजिन होतं ते ह्याच घराण्यातलं. माझ्या मामाची मिरजेत अँबॅसिडर टॅक्सी होती, तो टॅपेट लावायचा (व्हॉल्व्हची फट जुळवायचा) तेव्हा फिलर गेजची (फट मोजायची) पानं मोजून त्याच्या हातात द्यायचं काम माझं. इथे पहिल्यांदा ह्या गाडीचं रॉकर कव्हर उघडलं ना, तेव्हा आतली ती रॉकरची रांग बघून खरंच घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं मला.

तर त्रास काय होता ते सांगते. ट्यूनिंग टिकतच नव्हतं. शनिवारी सगळं नीट लावायचं, मंगळवारपर्यंत सिग्नलला उभं राहिलं की इंजिन कधी ६०० आरपीएमवर तर कधी १,१०० वर, मधेच भकभक करून बंद. प्लग काढले की काजळी. पेट्रोलचा वास जॅकेटला, केसांना. मायलेज गॅलनला २१ मैल (इथला गॅलन साडेचार लिटरचा). आणि ब्रॉडवेजवळ फिश हिल म्हणून लांब चढ आहे तिथे तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पिकअप घेण्याऐवजी गाडी अडखळायची. एका वर्कशॉपमध्ये दोनदा दिली, दोन्ही वेळा त्यांनी मिक्श्चर अजून रिच करून, म्हणजे पेट्रोल वाढवून, परत दिली, बिल वेगळं. तिथेच सल्ला मिळाला की हे एसयू काढून टाका आणि एकच वेबर (दुसऱ्या कंपनीचा कार्बोरेटर) बसवा. मी जवळजवळ ऑर्डर केलाच होता. बरं झालं केला नाही.

कारण दोष एसयूचा नव्हताच, झीजेचा होता. हे समजायला तो कार्बोरेटर कसा चालतो ते माहीत पाहिजे, आणि तो इतका सरळ आहे की एकदा समजला की प्रेमात पडतो माणूस. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन, बुटांच्या धंद्यातल्या घराण्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेली रचना, अगदी पहिल्या कार्बोरेटरमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता. नेहमीच्या कार्बोरेटरमध्ये स्लोचा (गाडी उभी असताना इंजिन हळू चालतं तो वेग) जेट (पेट्रोल येतं ते बारीक भोक) वेगळा, मेन जेट वेगळा, पंप वेगळा, असा पसारा असतो. एसयूमध्ये जेट एकच. वर घुमटासारख्या डॅशपॉटमध्ये पिस्टन, त्याला खाली निमुळती होत गेलेली नीडल, ती जेटमध्ये उतरलेली. इंजिन जितकी हवा ओढेल तितका पिस्टन वर उचलला जातो, हवेची वाट मोठी होते, आणि नीडल निमुळती असल्यामुळे त्याच हिशोबात पेट्रोलचीही वाट मोठी होते. पिस्टनच्या पोकळ दांड्यात तेल असतं, ते पिस्टनला एकदम उडू देत नाही, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दाबल्या क्षणी मिक्श्चर जरा रिच राहून पिकअप मिळतो. बस, एवढंच आहे सगळं.

आता खाली अ‍ॅक्सिलरेटरनं उघडणारी थ्रॉटलची चकती ज्या पितळी स्पिंडलवर फिरते तो पन्नास वर्षं घासून बारीक होतो आणि बॉडीतली भोकं लांबट होतात. स्लोवर चकती जवळजवळ बंद असते, पलीकडे मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) ओढ सगळ्यात जास्त, मग त्या फटीतून इंजिन चोरून हवा घेतं. ही हवा पिस्टनखालून आलेलीच नसते, म्हणजे तिच्या वाट्याचं पेट्रोल नाही. मिक्श्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. मग आपण काय करतो, जेटचा नट फिरवून रिच करतो आणि स्लो जरा सुधारतो. पण जेट एकच आहे ना! स्लोसाठी जे वाढवलं ते पन्नासच्या स्पीडलाही वाढतं, चढावरही वाढतं, आणि तिथे चोरटी हवा एकूण हवेच्या मानानं नगण्य असते, म्हणून तिथे गाडी पेट्रोलनं गुदमरते. स्लोवर लीन आणि रस्त्यावर रिच, दोन्ही एकाच वेळी, आणि माझे काळे प्लग त्यामुळेच होते. ज्यांची गाडी वर्षानुवर्षं अशी वागतेय त्यांनी स्पिंडल बोटानं वर-खाली हलवून बघा, आणि इंजिन स्लोवर असताना स्पिंडलच्या टोकाशी कार्ब क्लिनरचा अगदी छोटा फवारा मारा (इंजिन गार असताना, एक्झॉस्टपासून सांभाळून). आवाज बदलला की समजा तिथून एअर घेतंय. माझ्या मागच्या कार्बोरेटरला तर फवारा मारल्या मारल्या आरपीएम २०० नी हललं.

बुश घालणं मी घरी केलं नाही आणि कुणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, दोन्ही बाजूंची भोकं एका सरळ रेषेत रीम (कापून मोठी) झाली पाहिजेत नाहीतर चकती अडकते. बॉड्या कुरिअरनं पाठवल्या, दोन आठवड्यांत आल्या. नवीन स्पिंडल बसवताना चकतीचे दोन बारीक स्क्रू चिरलेले असतात, चकती बंद करून नीट मध्यावर बसली की स्क्रू घट्ट करायचे आणि मग चिरलेली टोकं पसरवायची, हे विसरू नका, तो स्क्रू सुटला तर सरळ इंजिनात जातो.

बाकी जोडणीत वेळ गेला तो जेट मध्यावर आणण्यात. माझ्या कार्बोरेटरमध्ये जुन्या पद्धतीची घट्ट बसणारी नीडल आहे, ती जेटच्या बरोबर मधोमध उतरली पाहिजे. जेटचा मोठा नट सैल करायचा, पिस्टन हळूच खाली दाबायचा, नट आवळायचा, मग पिस्टन उचलून सोडायचा. खाली टेकताना स्पष्ट टक् असा आवाज आला पाहिजे. पुढच्याला तिसऱ्या वेळी आला, मागच्याला अख्खी संध्याकाळ गेली. आणि डॅशपॉट नि पिस्टन ही जोडी असते, पुढचा पिस्टन मागच्यात घालायचा नाही, धुताना वेगवेगळ्या डब्यात ठेवा.

एक चूक माझी झाली ती सांगते कारण दोन दिवस गेले त्यात. एअर फिल्टरच्या बाजूच्या फ्लँजला बोल्टच्या भोकांशिवाय अजून दोन छोटी भोकं असतात, त्यातून पिस्टनच्या खालच्या बाजूला हवा मिळते. गॅस्केट उलटं बसवलं तर ती बंद होतात आणि पिस्टन नीट वर उचललाच जात नाही. स्लो एकदम छान, पण रेस दिली की दम नाही. मी जेट, नीडल, फ्लोट सगळं परत तपासलं आणि शेवटी फिल्टर काढल्यावर दिसलं.

ट्यूनिंगचा क्रम मात्र मामाकडून शिकलेला, कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी. आधी टॅपेट, गार इंजिनवर ०.०१५ इंच, नऊचा हिशोब धरून (आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा, बेरीज नऊ आली पाहिजे). मग इग्निशनच्या पॉइंटची फट ०.०१५, प्लगची ०.०२५, मग ठिणगीचं टायमिंग. मगच कार्बोरेटर. जेट वरच्या कडेशी सपाट आणून दोन पूर्ण आटे खाली, म्हणजे नटाच्या बारा बाजू, इथून सुरुवात. गाडी नीट गरम झाल्यावर आधी दोन्ही कार्बोरेटरची हवा सारखी करायची, माझ्याकडे मीटर आहे पण रबरी नळी कानाला लावूनही फरक समजतो, दोघांचा सुस्कारा एकसारखा ऐकू यायला हवा. मग बाजूच्या पिननं पिस्टन अगदी मिलिमीटरभर उचलायचा, स्पीड वाढून वाढलेलाच राहिला तर रिच, लगेच पडला तर लीन, किंचित वाढून जागेवर आला तर बरोबर. एका वेळी नटाची एकच बाजू फिरवा. घाई केली की सगळं पहिल्यापासून.

आता नऊ महिन्यांचं. स्लो ८०० ला लावला होता, आजही ८०० आहे. जेटचा नट मी एप्रिलमध्ये एकदा फक्त एक बाजू फिरवला, त्यानंतर हात लावलेला नाही. मायलेज गॅलनला २८, वेल्सला बारमथपर्यंत गेलो होतो तेव्हा ३० च्या जरा वर. प्लगचा रंग पहिल्यांदाच बिस्किटासारखा. फिश हिल तिसऱ्यात न अडखळता चढते, त्या दिवशी नवरा शेजारी बसला होता, तो म्हणाला ही तीच गाडी ना? मला फार फार बरं वाटलं.

सगळंच गोड नाही. डॅशपॉटचं तेल महिन्या-दीड महिन्यानं बघावंच लागतं, कमी झालं की पाय दाबताना एक झटका बसतो. मी २० ग्रेडचं घालते. रिपेअर किटमधला फ्लोटचा एक नीडल व्हॉल्व्ह (चेंबर भरला की पेट्रोल थांबवणारा) सहाशे मैलांतच अडकला आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळायला लागलं, तो बदलला. ते कळलं कसं, तर एसयूचा इलेक्ट्रिक पंप मागे असतो, इग्निशन चालू केलं की टकटक करून चेंबर भरले की गप्प होतो, त्या दिवशी तो गप्पच होईना. ही टकटक ऐकायची सवय ठेवा. न थांबता वाजत राहिला तर लगेच इग्निशन बंद करून कुठे गळतंय ते शोधा. इग्निशनचा नवीन कंडेन्सरही एक चारशे मैलांत गेला, हल्लीच्या कंडेन्सरवर माझा भरवसा नाही, एक चालून सिद्ध झालेला जुना काढून डिकीत ठेवलाय. आणि जुलैच्या उकाड्यात गाडी दहा मिनिटं उभी करून परत स्टार्ट करताना अजूनही त्रास देते, ते बुशनं जाणार नव्हतंच, चेंबरमधलं पेट्रोल खालच्या एक्झॉस्टनं तापतं. तेव्हा चोक न ओढता अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबून स्टार्टर मारते.

पेट्रोलचं वेगळं सांगायला हवं. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे ई१०, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबराला ते सोसत नाही. माझी जुनी नळी आतून इतकी मऊ झाली होती की तिचे काळे कण फ्लोट चेंबरच्या तळाशी सापडले. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या आणि पेट्रोल फक्त ई५ चं सुपर. महाग पडतं, पण ह्या गाडीत दुसरं घालणार नाही. भारतात ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी तर नळ्या आधी बघा, तिकडे आता २० टक्के इथेनॉल आलंय.

खर्च सांगायचा तर बुश, स्पिंडल आणि दोन किट धरून वेबरच्या निम्म्यातच झालं, माझे चार वीकेंड वेगळे. जोड एसयू चांगल्या बॉडीचे असतील तर कुणाचंही ऐकून विकू नका.

पुढच्या महिन्यात रस्त्यावर मीठ पडायला लागेल, मग गाडी मार्चपर्यंत आत. त्याआधी टाकी ई५ नं काठोकाठ भरायची, डॅशपॉटमध्ये तेल, आणि पुढची चाकं ज्यावर वळतात ते किंगपिन, गाडी जॅकवर उचलून, ग्रीस करायचे. डाव्या चाकाला वर-खाली हलवलं की थोडा प्ले लागतोय, मला वाटतं हिवाळ्याचं काम ठरलं.