लाकडी पीएचए फिलामेंट: दिसायला झकास, पण लेबल नीट वाचा

थ्रीडी प्रिंटरला घालायची प्लॅस्टिकची तार म्हणजे फिलामेंट, आणि पीएचए म्हणजे बॅक्टेरिया बनवतात ते प्लॅस्टिक. लाकडाचा भुसा मिसळलेल्या अशा एका फिलामेंटला माझे साडेतीन स्टार. त्यातला अर्धा निव्वळ वासाचा, प्रिंट चालू असताना खोलीभर रंधा मारल्यासारखा वास येतो आणि एबीएस या दुसऱ्या प्रिंटिंग प्लॅस्टिकचा तो डोकं उठवणारा वास अजिबात नाही.

घेतलंय ते १.७५ एमएमचं स्पूल (रीळ), डब्यावर मोठ्या अक्षरात "बॅक्टेरियाने बनवलेलं बायोडिग्रेडेबल प्लॅस्टिक आणि खरं लाकूड". ब्रँडचं नाव टाकत नाही कारण त्यांच्या कस्टमर केअरशी माझं अजून चालूच आहे. किंमत साध्या पीएलएच्या, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगच्या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या, जवळपास तिप्पट पडली.

आता हे बॅक्टेरियाचं प्रकरण खरं आहे का, तर हो, आणि बरंच जुनं आहे. फ्रान्सच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मॉरिस लेमॉइन यांनी १९२६ मध्येच बॅक्टेरियाच्या पेशीत पीएचबी, म्हणजे पीएचएचाच एक प्रकार, शोधलं होतं. बॅक्टेरियाला साखर किंवा तेल भरपूर द्यायचं आणि नायट्रोजन, फॉस्फरस तोडायचा, मग त्याला धड वाढता येत नाही आणि खाल्लेलं सगळं तो पेशीत साठवत बसतो, बसून खाल्लं की आपलं पोट सुटतं ना तसं. फक्त इथे चरबीच्या जागी प्लॅस्टिकचे कण. काही जातींमध्ये तर पेशीच्या कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत हा साठा जातो. महाग पडतं ते पुढे, पेशी फोडून त्यातून हे शुद्ध करून काढायला.

म्हणूनच लाकडाबरोबरची जोडी मला पटते. अमेरिकेत आयडाहो आणि वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी हे करून बघितलंय, सांडपाण्यावर बॅक्टेरिया वाढवायचे आणि शुद्ध करण्याच्या भानगडीत न पडता वाळवलेल्या पेशी तशाच्या तशा लाकडाच्या भुशात मिसळून कंपोझिट बनवायचं. तापमानही जुळतं, पीएचबी १७५ डिग्रीच्या आसपास वितळतं आणि लाकूड साधारण २०० च्या पुढे करपायला लागतं. आपल्याकडे प्लायवुडच्या दुकानात डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लॅस्टिकचं मिश्रण) म्हणून जो दरवाजा गळ्यात मारतात त्यात बहुतेक वेळा पीव्हीसी असतं, तो गाडून ठेवला तरी नातवंडांना जसाच्या तसा सापडेल.

प्रिंटिंगचं सांगतो. ०.४ एमएमच्या नॉझलने (वितळलेलं प्लॅस्टिक जिथून बाहेर येतं ती तोटी) माझा जीव खाल्ला, भुसा अडकतो आणि प्रिंट अर्ध्यावर असताना बंद पडतं, त्यामुळे सरळ ०.६ लावा आणि बारीक लेअरचा हट्ट सोडा. नॉझल गरम ठेवून मधेच थांबवलं तर आतला भुसा जळून घट्ट बसतो मग सुई घेऊन बसा. स्ट्रिंगिंग (प्रिंटवर बारीक धागे राहणं) आहेच, रिट्रॅक्शन (फिलामेंट मागे ओढून घेणं) वाढवून थोडं कमी झालं. पण मजा तापमानात आहे, १९० ला फिकट आणि २१५-२० ला गडद रंग येतो, त्यामुळे एकाच प्रिंटमध्ये थोडं वर-खाली केलं की लाकडाच्या रेषांसारखे पट्टे पडतात, हे बघून आमच्याकडचे सुतारकाका सुद्धा दोनदा हात फिरवून गेले. पॉलिश पेपर छान बसतो, वुड स्टेनही पितं. पातळ भाग मात्र कटकन मोडतात, क्लिप किंवा बिजागरी असलं काही यात काढू नका.

पावसाळ्यात स्पूल उघडं ठेवलंत तर संपलंच. भुसा ओलावा ओढतो, मग नॉझलमधून फटफट आवाज आणि प्रिंटवर फोड. ड्रायरमध्ये ४५-५० डिग्रीला रात्रभर ठेवून मगच लावायचं.

आता कस्टमर केअरचं भांडण. डेटाशीट (मालात काय आहे त्याचा कागद) मागवली तर कळलं की मुख्य माल पीएलए आहे, पीएचए "काही प्रमाणात". किती प्रमाणात, याला उत्तर नाही. आणि "बॅक्टेरियाने बनवलेलं" हे तसं खोटंही नाही बरं का, कारण पीएलएसाठी लागणारं लॅक्टिक ॲसिडही बॅक्टेरियाच साखर आंबवून बनवतात, पण त्याचं प्लॅस्टिक पुढे कारखान्यात होतं. पीएचए पेशीच्या आतच तयार होतं, त्यामुळे ते कसं खायचं हे मातीतल्या बऱ्याच जंतूंनाही माहीत असतं. पीएलएला नीट विघटन व्हायला ६० डिग्रीच्या आसपासचं इंडस्ट्रियल कंपोस्ट लागतं, आपल्या गॅलरीतल्या कंपोस्टच्या बादलीत ते ऊन खात पडून राहतं. मी याचा एक तुकडा आणि मित्राकडच्या शंभर टक्के पीएचए स्पूलचा एक तुकडा गांडूळखतात पुरून ठेवले होते. पावसाळा संपल्यावर काढले तर पीएचएवाल्याला खड्डे पडून कडा भुगा झालेल्या, आणि याचा फक्त रंग उतरलाय, धुतला की पुन्हा शोकेसमध्ये ठेवता येईल असा.

तर नेमप्लेट, दिव्याची शेड, गणपतीचं मखर असल्या शोच्या कामाला बिनधास्त घ्या. रोपं कुंडीसकट जमिनीत लावायची म्हणून घेत असाल तर हे नको, पूर्ण पीएचएवालं बघा, आणि ते प्रिंट करताना बेड (ज्या पाटीवर प्रिंट तयार होतं ती) गरम करायचा नसतो हे लक्षात ठेवा, त्याचे कोपरेही जास्त उचलतात. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून डेटाशीट मागा, नाही म्हणाला तर दुसरं दुकान.