सोयाबीन वडी आणि सोया पीठ, नागपूरच्या इतवारीतल्या बचत गटाच्या दुकानातून: चार महिने वापरल्यावर

आमच्या वस्तीत संध्याकाळी मी शिकवणी घेते, २२ पोट्टे येतात, त्यातले कितीतरी दुपारी नीट जेवलेले नसतात हे त्यांच्या तोंडाकडे पाहूनच कळते. म्हणून आठवड्यातून 3 दिवस काहीतरी पोटभर द्यायचं ठरवलं. डाळ रोज परवडत नाही, अंडी सगळ्यांच्या घरी चालत नाहीत, मग सोयाबीनवर आले.

आधी एका मोठ्या दुकानातून वडीचं पाकीट आणलं होतं, त्याला जुन्या तेलासारखा वास, शिजवली तरी रबरासारखी, पोट्ट्यांनी ताटं बाजूला सारली आणि मला फार वाईट वाटलं. मग कोणीतरी इतवारीतलं हे दुकान सांगितलं. तिथल्या ताईंनी पाच-सहा वड्या हातावर ठेवल्या, एक कट्कन तोडून म्हणे, आधी वास घ्या अन मग घ्या. आतून एकदम पांढरट, बारीक छिद्रं, वास जवळपास नाहीच.

करायची पद्धत सांगते, कारण निम्मी तक्रार तिथेच असते. मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, ते पाणी फेका, गार पाण्यात दोनदा चांगल्या पिळून घ्या, मगच फोडणीत टाका. आमच्याकडे सावजी मसाल्याच्या रश्श्यात करते (तिखट कमी), पोट्टे मटणासारखं चोखून खातात आणि परत वाढा म्हणतात!

आता मुद्द्याचं. कोरड्या वडीत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, तूरडाळीत साधारण २२. तेल काढल्यावर जी ढेप उरते त्यातलीच खाण्यालायक, स्वच्छ केलेली ही वडी, म्हणून स्वस्त पडते. वाईट याचं वाटतं की सोयाबीन आपल्याच विदर्भाच्या शेतात पिकते, त्याची ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि इकडे मेळघाटातल्या लेकरांच्या कुपोषणाच्या बातम्या वर्षानुवर्षं थांबत नाहीत. बाहेरच्या देशांनी हे कधीच ओळखलं, अमेरिकेनं १९६० च्या दशकातच मका-सोया एकत्र करून दुष्काळी भागात पाठवायला सुरुवात केली, संयुक्त राष्ट्रांच्या वर्ल्ड फूड प्रोग्रामचं 'सुपर सीरियल' आजही तसंच, मका किंवा गव्हासोबत सोया. कारण सोपं आहे, धान्यात लायसिन (प्रोटीनमधला एक गरजेचा घटक) कमी असतं, ते सोयाबीन भरून काढते, आणि सोयाबीनमधली कमी धान्य भरून काढते. पण अगदी लहान बाळांना नुसतं हे पुरत नाही, त्यांच्या मिश्रणात दूध पावडर, तेल, जीवनसत्त्वंही घालतात. त्यामुळे वडी द्या आणि मोकळे व्हा असं कोणी समजू नका.

पीठही इथूनच घेते. ताई सोयाबीन रात्रभर भिजवून, उकळून, वाळवून, मग भाजून दळतात. हे महत्त्वाचं आहे, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनं निकामी होतात. कच्चंच दळलेलं कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका बाप्पा. मी ९०० ग्रॅम कणकेत १०० ग्रॅम घालते, पोळी जरा जास्त तांबूस होते, चवीत फरक कळतच नाही. २०० घालून पाहिलं तर पोळी तुटायला लागली.

तक्रार एकच, पिठाच्या पिशवीवर तारीख नसते. यात तेल असतं, उन्हाळ्यात तीन आठवड्यांत खवट होते, माझं एक किलो असंच गेलं. आता पाव किलोच आणते. ताईंना सांगितलं तर लगेच पेन घेऊन समोरच्या पाच पिशव्यांवर तारीख टाकली, पण मागच्या शनिवारी गेले तर पुन्हा कोऱ्याच होत्या. घेताना विचारून घ्या. वडीला ५ पैकी ५, पिठाला ४, आणि सोमवारी दुकान बंद असते.