हँग-ऑन की कॅनिस्टर? आमच्या घरी निकाल रात्री दोनला लागला

अडीच-तीन फुटी प्लांटेड टँक, म्हणजे खऱ्या झाडांचं मत्स्यालय, लावणारा माणूस फिल्टर निवडताना फिरून फिरून याच दोन गोष्टींपाशी येतो. मागच्या काचेवर टांगायचा हँग-ऑन, नाहीतर खाली कपाटात ठेवायचा कॅनिस्टर. मी दोन्ही एकाच टाकीवर वापरलेत. टाकी अडीच बाय सव्वा बाय सव्वा फूट, म्हणजे काठोकाठ ११० लिटर, माती-दगड वजा जाता नव्वदेक. हँग-ऑन दीड वर्ष चालवला, कॅनिस्टरला आता तीन वर्षं होतील. माझा कौल कुठे असेल हे तुम्ही ओळखलंच असेल, पण हँग-ऑनची बाजू आधी मांडतो, कारण त्याला लोक उगाच नावं ठेवतात.

तो पाच मिनिटांत साफ होतो. पाणी बदलताना बादलीत जे जुनं पाणी काढतो त्यातच स्पंज पिळायचा आणि परत बसवायचा. काही बिघडलं तर डोळ्यांसमोर दिसतं. पाण्यावर जी तेलकट साय धरते ती त्याच्या धारेने आपोआप फुटते. किंमत कॅनिस्टरच्या पाव-तिजाई. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन अशी सोशिक झाडं असतील आणि झाडांसाठी सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलिंडर लावायचा नसेल, तर दोन फुटी टाकीला याहून जास्त काही लागतं असं मला वाटत नाही.

अडचण सिलिंडर लावल्यावर सुरू होते. सीओटू पाण्यात हवेपेक्षा साधारण १०,००० पट सावकाश पसरतो, त्यामुळे पानाला चिकटलेला पाण्याचा थर हलता राहिला नाही तर झाड भरल्या ताटासमोर उपाशी बसतं. हँग-ऑन एकाच जागी पाणी वरून खाली ओततो. माझा ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी कुपी; हिरवा म्हणजे पुरेसा, निळा म्हणजे कमी) फिल्टरजवळ छान हिरवा आणि पलीकडच्या पुढच्या कोपऱ्यात निळाच्या निळा. त्याच कोपऱ्यातल्या अनुबियासच्या पानांच्या कडांना शेवाळाची काळी दाढी फुटली. धार पडते तिथे पाणी खळबळून थोडा सीओटू हवेत जातो तो वेगळाच. तरीही एवढ्यावर मी फिल्टर बदलला नसता. कोपरा वाईट दिसतो म्हणून कोणी खिशातून चौपट पैसे काढत नाही.

बदलला तो आवाजापायी. आणि आवाज म्हणजे मोटारीचा नव्हे. मोटारीची घरघर एकसुरी असते, ती कुलरच्या आवाजात विरून जाते. त्रास पाण्याच्या धारेचा. टाकी काठोकाठ असेल तर हँग-ऑन अगदी गप्प असतो. पण इंदूरचा एप्रिल-मे, डोक्यावर पंखा, टाकीला झाकण नाही. आमच्याकडे रोज जवळजवळ सेंटीमीटरभर पाणी उडायचं, या मापाच्या टाकीत म्हणजे तीनेक लिटर. पातळी दोन बोटं उतरली की धार खळखळायला लागते, आणि ती नेमकी रात्री, घर निजल्यावर ऐकू येते.

आता आमच्या घरी पाण्याचा आवाज म्हणजे काय, हे इंदूरकरांना सांगायला नको. नळ एक दिवसाआड. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर चढून येणारं पाणी, त्याला सगळं शहर ‘नर्मदा’च म्हणतं. आईचे कान चाळीस वर्षं त्या आवाजाला लागलेले. रात्री दोनला ती अंधारात उठायची, ‘अरे, नर्मदा आली वाटतं!’ म्हणत मोरीत जाऊन बादली लावायची, नळ पिळायची. नळ कोरडा. मग गच्चीवरची टाकी तर वाहत नाही ना, म्हणून मला उठवायची. आठवड्यातून तीनदा हे व्हायला लागलं. धारेखाली प्लॅस्टिकची बाटली कापून लावली, स्पंजची पट्टी लावली. आवाज निम्मा झाला, प्रवाहही निम्मा झाला. रोज संध्याकाळी पाणी भरत राहावं, तर तेही साध्या नळाचं चालत नाही, कारण उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात आणि टाकीतलं पाणी हळूहळू जड, म्हणजे जास्त क्षारांचं, होत जातं. आरओचं तीन लिटर रोज आठवणीने घालणं मला काही जमलं नाही.

दुकानदार म्हणाला, ‘भिया, कॅनिस्टर में आवाज आती ही नहीं.’ हे सोळा आणे खरं नाही. पहिले दोन दिवस आत अडकलेली हवा पंख्यात सापडून करकरते. डबा दोन्ही हातांनी धरून थोडा तिरका केला की बुडबुडे निघून जातात. माझा कपाटाच्या प्लायला टेकला होता, तेव्हा सगळं कपाटच गुणगुणायचं. जुन्या योगा मॅटचा तुकडा खाली घातला, पाठीमागे चार बोटं जागा सोडली, आणि ते थांबलं. स्प्रे बार, म्हणजे पाणी परत सोडणारी भोकाभोकांची नळी, आखूड बाजूला, पाण्याच्या पातळीखाली, भोकं किंचित वर वळवलेली, आणि पाणी ओढणारा पाइपही त्याच बाजूला. पाणी लांबीभर जातं, समोरच्या काचेला आपटून खालून परत येतं. पातळी दोन बोटं उतरली तरी धार पडतच नाही, म्हणून आवाजही नाही. तिकडच्या कोपऱ्यात रोटालाच्या झाडांची टोकं आता मंद डुलतात आणि चेकर दोन्हीकडे हिरवा असतो.

वेव्हमेकर, म्हणजे टाकीत पाणी ढकलणारा छोटा पंखा, तोही एकदा लावून पाहिला. चार फुटी टाकीला ठीक असेल, माझ्याकडे झाडं वाऱ्यात सापडल्यासारखी एका अंगाला झुकली आणि टेट्रा मासे दगडामागून बाहेरच येईनात. आठवड्यात काढला. स्पंज फिल्टरचा एअर पंप तर आई म्हणते तसा डासासारखा, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

कॅनिस्टरचं दुखणं सफाईचं. महिन्या-दीड महिन्याने अर्धा रविवार जातो. लाइट गेली तर बंद डब्यातलं पाणी शिळं होत जातं. चार-पाच तास बंद राहिला तर मी उघडून खंगाळल्याशिवाय सुरू करत नाही. हँग-ऑनला ती भीती कमी, पण पातळी उतरलेली असताना लाइट आली की तो कधीकधी पाणी धरत नाही आणि कोरडाच खडखडतो.

तेव्हा टाकी दोन फुटी, बैठकीत आणि सीओटूविना असेल तर खुशाल हँग-ऑन घ्या. झोपायच्या खोलीशेजारी असेल तर जरा विचार करा. कॅनिस्टरच घेतलात तर दोन्ही नळ्यांना सुटे होणारे टॅप आहेत का ते दुकानातच बघून घ्या. माझ्या पहिल्या डब्याला एकाच नळीला होता, आणि त्या रविवारी नर्मदा खरोखरच फरशीवर आली.