बार्शी लाईटची ट्रॉली आणि माझे ९१ हजार

गेली अकरा वर्षं मी बार्शी लाईट या जुन्या छोट्या रेल्वेचं मॉडेल बांधतोय. प्रमाण एकास चोवीस, दोन रुळांमधलं अंतर ३२ मिलिमीटर. खरी लाईन अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला चोवीसने भागलं की पावणेबत्तीस येतात, त्यामुळे ३२चा तयार रूळ चालून जातो. डबे पितळी पत्र्यातून कापतो, रिव्हेट एकेक करून उठवतो, आतली बाकं सागाची. लहानपणी आषाढीला आजीबरोबर कुर्डुवाडीहून पंढरपूरला याच गाडीने जायचो. टपावरसुद्धा माणसं बसलेली असायची. १८९७ साली सुरू झालेली ती लाईन पुढे ब्रॉडगेज झाली, आणि तेव्हापासून तिची एखादी खरी वस्तू आपल्याजवळ असावी असं मला फार वाटत होतं. मला फसवणाऱ्या माणसाने नेमकं हेच हेरलं.

पहिला फोन फेब्रुवारीत आला. ‘काका, तुमचे डबे बघितले. आमच्याकडं बार्शी लाईनची पुश ट्रॉली पडून आहे. भंगारवाला उद्या कटर घेऊन येतोय. तुमच्या हातात गेली तर तिचं सोनं होईल.’ पुश ट्रॉली म्हणजे रुळांची तपासणी करताना माणसं ढकलत नेतात ती छोटी गाडी. पाठोपाठ फोटो आला. लाकडी फळ्या, मागे वेताचं बाकडं, खाली चार चाकं. मी रात्रभर जागा होतो. ट्रॉली दुरुस्त करायची, पुतण्याच्या शेतात पन्नास फूट रूळ टाकायचा आणि मुलांना बसवून ढकलायची, इथपर्यंत मनात आखणीही झाली.

पैसे त्याने एकदम मागितले नाहीत. आधी एक पितळी पाटी देऊ केली, इंजिन बनवणाऱ्या कंपनीची. बार्शी लाईटची पहिली इंजिनं इंग्लंडमधल्या लीड्सच्या किटसन कंपनीने बांधली, हे मला पाठ. पाटीवर तेच नाव. २२ हजार. कुरियरने ती चार दिवसांत घरी आली. जड, हिरवट डाग पडलेली, कोपऱ्यांना स्क्रूची भोकं. हातात घेतली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. वस्तू खरंच आली म्हणजे माणूस खरा, असं मी धरून चाललो.

मग ट्रॉलीचा इसार १५ हजार. ‘टेम्पो भरला’ म्हणून फोटो आला, त्यावर ४६ हजार. शेवटी क्रेनचे म्हणून ८ हजार. पैसे दर वेळी वेगळ्या नावाच्या खात्यात. विचारलं तर ‘भावाचं खातं आहे, काका.’ रेल्वेच्या लिलावात माल घेतल्याची डिलिव्हरी ऑर्डर म्हणून एक कागदही पाठवला होता, गोल शिक्क्याचा. मी शिक्का बघितला, मजकूर वाचला नाही.

टेम्पोतून उतरला तो दोन चाकांचा एक जोड. ओतीव लोखंडाची चाकं, दोघांना हलेना एवढा जड. इथंच मला कळायला हवं होतं. गाडी आली की ट्रॉलीमननी ट्रॉली रुळांवरून उचलून बाजूला ठेवायची असते, म्हणून तिची चाकं हलकी असतात. टेप लावला तर जोड दोन फुटी रुळांचा निघाला. एक चाक आसावर सैल फिरत होतं, खाणीतल्या डब्यांना असतं तसं. बार्शीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. टेम्पोवाल्याला भाडं रोख मिळालं होतं, त्याला बाकी काही माहीत नव्हतं. फोन बंद.

मग पाटीकडे वळलो. मुंबईच्या एका जुन्या संग्राहकाकडे तशाच अस्सल पाटीचा कागदावर पेन्सिल घासून घेतलेला ठसा होता. त्यांनी विचारलं, ‘लांबी मोजलीत?’ अस्सल पाटीवरून वाळूचा साचा काढून नवी ओतली, तर पितळ गार होताना साधारण दीड टक्का आकसतं. तीस सेंटिमीटरच्या पाटीत साडेचार मिलिमीटर जातात. माझी पाटी त्या ठशापेक्षा जवळजवळ तेवढीच आखूड होती. अक्षरांच्या कडा बोथट, भोकांभोवती स्क्रू आवळल्याची एकही खूण नाही. हिरवा रंग तर ओल्या फडक्याने निघाला. बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर टेबलावरच असतो माझ्या. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीसाठी मी अख्खा डबा मोडून पुन्हा बांधलाय, आणि ही पाटी मी मोजलीच नव्हती.

कागदाचं जे कळलं ते जास्त गंभीर आहे. रेल्वेचं भंगार आयआरईपीएसच्या पोर्टलवर ई-लिलावाने विकलं जातं, आणि ज्याने लिलावात माल घेतला त्याच्या नावाचे कागद असतात. माझ्या कागदावर लॉट नंबर नव्हता आणि घेणाऱ्याचं नाव तिन्ही खात्यांपैकी एकाशीही जुळत नव्हतं. ट्रॉली खरी असती आणि चोरीची असती, तर? १९६६च्या रेल्वे मालमत्ता बेकायदा ताबा कायद्यात पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि वस्तू आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आली हे आपणच सिद्ध करायचं असतं. लाईनची आठवण जपायला निघालेला माणूस आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकशीत उभा राहिला असता. म्हणून कुणी रेल्वेची जुनी वस्तू देऊ केली तर आधी लिलावाचे कागद मागा, ते जाणत्याला दाखवा आणि स्वतः जाऊन टेप लावा. जाणं जमत नसेल तर आजचं वर्तमानपत्र आणि टेप वस्तूवर ठेवून फोटो मागा. ‘उद्या वितळवणार’ असं कुणी म्हणालं तर वितळवू द्या. मला हे लिहितानाही जड जातंय, पण वितळवू द्या.

सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत नंबरवर मी चौथ्या दिवशी फोन केला, कारण तीन दिवस घरी सांगायची लाज वाटली. पैसे तोवर खात्यांतून पुढे गेले होते. पहिल्या काही तासांत कळवलं असतं तर बँकेला रक्कम अडवता येण्याची शक्यता होती. तक्रार नोंदवली आहे, पाटी पोलिसांकडे दिली आहे.

तो फोटो मात्र अजून फिरतोय. ट्रॉलीमागे कडुनिंबाचं झाड, बाजूला निळी ताडपत्री, डावीकडून दुसरी फळी अर्ध्यात तुटलेली. गेल्या महिन्यात नागपूरच्या एका मॉडेल करणाऱ्या मित्राला तो आला, पाचोरा-जामनेर लाईनची ट्रॉली म्हणून. त्याने इसार द्यायच्या आधी मला विचारलं. तुम्हाला आला तर तुम्हीही विचारा.