दहावीच्या भूमितीसाठी इंकस्केप: आठ महिन्यांनंतर

परळला दोन खोल्यांत माझा क्लास आहे. लॉकडाऊनमध्ये मुलांना व्हिडिओची सवय लागली ती आजतागायत सुटलेली नाही. फळ्यावर मोबाईल रोखून काढलेल्या व्हिडिओत वर्तुळ बटाट्यासारखं दिसायचं आणि ऐन स्पर्शिकेवर माझी सावली पडायची. म्हणून गेल्या जूनमध्ये ठरवलं की आकृत्या कॉम्प्युटरवर काढायच्या आणि व्हिडिओत चिकटवायच्या. लॅपटॉप जुना, आठ जीबीचा. खर्च करायची तयारी होती, पण दर महिन्याला भाडं भरायची नव्हती. त्यामुळे मासिक भाड्याने मिळणारं इलस्ट्रेटर हे चित्रांचं सॉफ्टवेअर तिथेच बाद. शेजारच्या मुलाने त्याची 'क्रॅक', म्हणजे चोरीची प्रत, टाकून देतो म्हणून आग्रह केला. याच लॅपटॉपवर मुलांच्या फीचा हिशोब आहे, तेव्हा त्यालाही हात जोडले.

त्यानंतर एक विकतचं सॉफ्टवेअर चाचणीपुरतं उतरवलं. दिसायला देखणं. पहिलाच शब्द टाइप केला, 'त्रिज्या', आणि जोडाक्षर फुटून वेलांटी भलतीकडे जाऊन बसली. तेव्हापासून माझी परीक्षा ठरलेली आहे: कुठलंही सॉफ्टवेअर असो, आधी 'स्पर्शिका', 'त्रिज्या', 'आंतरलिखित' हे तीन शब्द टाइप करायचे. रफार, जोडाक्षर, वेलांटी, सगळं त्यात येतं. बाकीची वैशिष्ट्यं मागाहून.

इंकस्केप हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झालं. २००३ पासून चालत आलेलं, फुकट आणि मुक्त स्रोत, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. अक्षरांसाठी 'मुक्त' नावाचा फॉन्ट वापरते. आपल्या मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला आहे, तोही फुकट, बारीक ते ठळक अशा सात जाडींत मिळतो.

मला जिंकलं ते वर्तुळाच्या हत्याराने. वर्तुळ काढलं की वरच्या पट्टीत सुरुवातीचा आणि शेवटचा कोन अंशांत भरता येतो आणि शेजारी तीन बटणं असतात. एकाने वर्तुळपाकळी, दुसऱ्याने नुसता कंस, तिसऱ्याने जीवा जोडलेला वर्तुळखंड. महत्त्वमापनाचा अर्धा धडा त्या तीन बटणांत आहे हो! कोनाची खूण करायलाही हाच कंस छोटा करून वापरते. कंट्रोल दाबून ओढलं की वर्तुळ खरंखुरं गोल येतं. पेनने रेघ ओढताना कंट्रोल धरला तर ती पंधरा-पंधरा अंशांच्या टप्प्यांवर अडकते, त्यामुळे ३०-६०-९० चा त्रिकोण विनासायास. स्नॅपमध्ये, म्हणजे रेघ नेमक्या जागी चिकटवायच्या सोयीत, स्पर्शिकेचा पर्याय चालू केला की बाहेरच्या बिंदूतून ओढलेली रेघ वर्तुळाला बरोबर स्पर्श करून थांबते. अगदी काटेकोर रचना हवी असेल तर जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये काढते, एसव्हीजी (इंकस्केपला उघडता येणारा रेघांच्या चित्राचा प्रकार) करून इथे आणते आणि रंगवते. पण तसं या आठ महिन्यांत चार-पाच वेळाच झालं असेल.

आता चुका. त्या माझ्याच, पण सांगते. पहिला महिनाभर रेघा एक पिक्सेलच्या काढल्या. लॅपटॉपवर सुबक दिसायच्या. मुलं बघतात फोनवर, डेटा वाचवायला ३६० च्या क्वालिटीवर, त्यातही लोकलमध्ये उभ्याने. रेघ दिसायचीच नाही. आता १९२० बाय १०८० च्या पानावर सहा पिक्सेलपेक्षा बारीक रेघ काढत नाही, आणि बिंदूंची नावं भडक वाटतील इतकी मोठी ठेवते. आकृती मोठी केली की रेघही जाड होत जायची, तेव्हा वाटलं सॉफ्टवेअरच बिघडलं. तसं काही नव्हतं. प्रेफरन्सेसमध्ये रेघेची जाडी आकाराबरोबर बदलायची की नाही त्याची खूण आहे, ती मी काढून टाकली.

आणि 'स्पर्षिका'! दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलू नये म्हणून अक्षरांचं आकारात रूपांतर करतात, शिफ्ट-कंट्रोल-सी. ते करून, व्हिडिओ बनवून, पाठवूनही मोकळी झाले. रात्री एका मुलीचा मेसेज: मॅडम, श पोटफोड्या झालाय. एकदा आकार झाला की ती अक्षरं राहत नाहीत, शुद्धलेखन सुधारता येत नाही. अकरा आकृत्यांवरचे शब्द पुन्हा टाइप केले. आता टाइप केलेली मूळ फाइल वेगळी आणि आकार केलेली वेगळी.

पण याच प्रसंगात इंकस्केपचं मोल कळलं. आकृतीला हात लावावा लागला नाही, फक्त शब्द बदलले. आधीच्या चित्र काढायच्या ॲपमध्ये शब्दाखालची रेघही खोडली जायची आणि आकृती नव्याने काढावी लागायची.

इंकस्केप हलतं चित्र करत नाही, हे आधीच समजून घ्या. मी प्रमेयाच्या प्रत्येक पायरीला एक पान करते. १.२ पासून एका फाइलमध्ये अनेक पानं ठेवता येतात आणि सगळी एकदम पीएनजी, म्हणजे साध्या चित्राच्या फाइली, म्हणून बाहेर काढता येतात. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून ती केडेनलाइव्ह या व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या ट्रॅकवर ओळीने लावते. तेही फुकट. चित्र आपोआप पाच सेकंदांचं येतं, ते माझ्या बोलण्याप्रमाणे ताणते. व्हिडिओसाठीच्याच दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती जास्त ताकदीची आहे, पण माझ्या लॅपटॉपला झेपणारी नाही. छपाईसाठी मात्र इंकस्केपवर विसंबू नका. मंडळाचा बॅनर करायला घेतला होता, छापखान्याला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांतली फाइल, हवी होती. शेवटी त्यांच्याच माणसाने नव्याने केला.

मध्येच, ऑक्टोबर २०२५ मध्ये, अफिनिटी हे आधी विकत मिळणारं चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट झालं. कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या कंपनीने ते २०२४ मध्ये विकत घेतलं होतं, आता वापरायला त्यांचं खातं लागतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ते जरूर उघडून बघावं, माझे तीन शब्द टाइप करून. मी भर सत्रात घोडं बदललं नाही.

सध्या शंकूवर अडले आहे. तळाची मागची कड तुटक दाखवायला लंबवर्तुळाचे दोन कंस करते, पुढचा अखंड, मागचा तुटक. शंकू हलवला की एक कंस मागे राहतो. गट करून ठेवायचं दर वेळी विसरते.