'टीम इज' की 'टीम आर'?

टीम, कमिटी, फॅमिली, गव्हर्नमेंट. शब्द एक, माणसं अनेक. मग क्रियापद कुठलं घ्यायचं?

अमेरिकन इंग्रजी शब्दाच्या रूपाकडे पाहते. 'टीम' एकवचनी दिसतो, म्हणून 'द टीम इज विनिंग'. मराठी कानाला हे लगेच पटतं, कारण आपणही 'संघ जिंकला' म्हणतो. 'मंडळी जमली' म्हणताना समोर पन्नास जण असले तरी क्रियापद एकवचनीच राहतं.

ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतं, आणि खरी गंमत इथेच आहे. 'द कमिटी हॅज सबमिटेड इट्स रिपोर्ट' यात समिती एकजुटीने उभी आहे. 'द कमिटी आर अर्ग्यूइंग अमंग देमसेल्व्ज' म्हटलं की टेबलाभोवती भांडणारी माणसं वेगवेगळी दिसू लागतात. एका क्रियापदाने चित्रच बदलतं! ही छटा अमेरिकन पद्धतीत हवी असेल, तर 'द मेंबर्स ऑफ द कमिटी आर' असं लांबवावं लागतं.

'पोलीस' मात्र दोन्हीकडे अनेकवचनीच: 'द पोलीस आर हिअर'. 'पोलीस इज' लिहू नका.

मला स्वतःला ब्रिटिश मोकळीक आवडते. पण परीक्षेत किंवा अर्जात लिहिणाऱ्याला मी एकवचनच सुचवेन, ते दोन्हीकडे बहुतेक वेळा खपतं. जे निवडाल ते सर्वनामापर्यंत न्या, एवढं नक्की सांभाळा. 'द टीम हॅज लॉस्ट देअर मॅच' या वाक्यात आधी 'हॅज', मग 'देअर', म्हणजे अर्ध्या वाटेत वचन बदललं. 'हॅज' घेतलंत तर पुढे 'इट्स', 'हॅव' घेतलंत तर 'देअर'.