जिमच्या केबलला कोणतं आवरण? खाऱ्या हवेतल्या नऊ महिन्यांचा अनुभव

आमची व्यायामशाळा समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. पावसाळ्यात इथे डंबेल दोन दिवस पुसलं नाही तर हाताला तांबडा रंग लागतो. गेल्या मे महिन्यात लॅट मशीनची केबल तुटली. एक मुलगा ४५ किलो लावून दांडा खाली ओढत होता. दांडा त्याच्या मांडीवर आदळला आणि वजनांचा गठ्ठा दाणकन खाली बसला. मांडी आठवडाभर काळीनिळी होती. तो जरा पुढे वाकलेला असता तर दांडा मानेवर आला असता. हा विचार अजून डोक्यातून जात नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

तुटलेली केबल वरून नवीकोरी दिसत होती. काळं गुळगुळीत आवरण, कुठे चीर नाही. ब्लेडने ते उभं कापलं तेव्हा टोकाच्या फेरूलपासून (म्हणजे केबलच्या टोकावर दाबून बसवलेल्या धातूच्या नळीपासून) वीतभर आतपर्यंत तांबडी पूड निघाली. तारा बोटांनी मोडत होत्या. घाम आणि खारी ओल उघड्या टोकातून शिरली, पिळाच्या फटींतून आत सरकली आणि वर प्लास्टिक असल्यामुळे वाळलीच नाही. त्या जागी उघडा रोप, म्हणजे वर प्लास्टिक नसलेला तारांचा दोर, असता तर गंज आम्हाला कितीतरी आधी दिसला असता. गंजू नये म्हणून कोटिंगवाली केबल घ्यायची, असं मी इतकी वर्षं समजत होतो. कप्पीवर तारा घासू नयेत, हाताला टोचू नयेत, ओढताना गुळगुळीत चालावं, यासाठी कोटिंग उत्तम. गंजाच्या बाबतीत मात्र टोक उघडं राहिलं तर तेच कोटिंग ओल धरून ठेवतं.

जूनमध्ये मुंबईला गेलो तेव्हा नागदेवी स्ट्रीटवर अर्धा दिवस काढला आणि मुद्दाम तीन प्रकार घेतले. लॅट मशीनला पारदर्शक नायलॉन, क्रॉसओव्हरला (दोन बाजूंच्या केबल हातांनी ओढायचं मशीन) पारदर्शक पीव्हीसी आणि बसून ओढायच्या रोइंगला काळं पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानात ज्याला पीयू म्हणतात ते. आतला रोप तिन्हींत एकच, गॅल्व्हनाइझ्ड (जस्ताचा मुलामा दिलेला), ७ बाय १९. म्हणजे सात लडी, प्रत्येकीत १९ तारा, एकूण १३३. कप्पीवर सतत वळणाऱ्या केबलला हीच बांधणी हवी. ७ बाय ७ मध्ये ४९ जाड तारा असतात. तो रोप ताणून बांधायला चांगला, पण लहान कप्पीवर लवकर थकतो.

मापाचं आधी सांगतो, कारण तिथे मी स्वतः चुकलो. दुकानदार बहुतेक वेळा कोटिंगसकट माप सांगतात. ४.८ मिमी कोटेड केबलच्या आत पोलाद फक्त ३.२ मिमी असतं आणि भार सगळा ते पोलादच घेतं, प्लास्टिकचा ताकदीत काही हिस्सा नाही. ३.२ मिमीचा ७ बाय १९ गॅल्व्हनाइझ्ड रोप साधारण ९०० किलोला तुटतो. ऐकायला भरपूर वाटतं, पण धक्के, वळण आणि क्रिंप (टोकाला फेरूल दाबून बसवणं) यांत बरंच जातं. म्हणून माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या केबलला मी ४.८ मिमी पोलादाखाली येत नाही. ती कोटिंगसकट ६.४ मिमी होते. आणि मग कप्पीची खाच तपासावी लागते! आमच्या क्रॉसओव्हरच्या कप्प्या बारीक केबलच्या होत्या. जाड केबल खाचेत तळापर्यंत बसेना, कडांवर चिमटली जायची. पंधरा दिवसांत कोटिंगच्या दोन्ही बाजूंना सपाट पट्टे उमटले. कप्प्या बदलल्या, तुकडाही नवा टाकला. तेव्हा पीव्हीसीचं पुढचं परीक्षण या दुसऱ्या तुकड्याचं आहे, पहिल्याचा दोष त्याच्या माथी मारत नाही.

पीव्हीसी पहिल्या दिवसापासून मऊ. बसवायला सोपं, आवाज नाही, पोरांना तेच सगळ्यात आवडलं. गणपतीनंतर मात्र कप्पीजवळ कोटिंगला सुरकुत्या दिसायला लागल्या. पोलादावरची त्याची पकड सुटून ते मोज्यासारखं सरकत होतं आणि एका जागी गोळा होत होतं. दिवाळीपर्यंत खाचेत प्लास्टिकचा चुरा साचला आणि फुगलेल्या जागी केबल अडकून झटके देऊ लागली. डिसेंबरात काढून टाकली. पोलाद ठणठणीत होतं, पण कोटिंगच्या फुगवट्याखाली रोपाला काय होतंय ते कळेनासं झालं होतं. कप्पीवर दिवसाला शेकडो फेऱ्या असतील तर पीव्हीसी घेऊ नका.

नायलॉनचं उलट. पहिले दोन आठवडे कंटाळा आला. वेटोळ्याची सवय सुटत नाही, सैल सोडली की केबल गोल होऊ बघते, हलकं वजन लावलं तर दांडा नीट वरही जात नाही. वजन लटकवून दोन रात्री ताणून ठेवली तेव्हा सरळ झाली. नायलॉन हवेतली ओल पितं आणि त्याने थोडं लवचिक होतं, त्यामुळे जुलैत ती एकदम छान चालायला लागली. कोरड्या हवेच्या गावात ती जरा ताठ लागेल. आज नऊ महिन्यांनी कप्पीला लागणारी बाजू चकचकीत घासली गेली आहे, पण चीर नाही, सुरकुती नाही. आणि मुख्य म्हणजे आतल्या तारा दिसतात. दर शनिवारी टॉर्च मारून वरपासून खालपर्यंत बघतो. जानेवारीत फेरूलजवळ बोटभर जागी पिवळसर झाक दिसली, त्याच दिवशी तेवढं टोक कापून नवं क्रिंप केलं. काळ्या केबलमध्ये ही झाक दिसलीच नसती.

पीयूबद्दल तक्रार नाही. तिन्हींत सगळ्यात गुळगुळीत, घासणं जवळपास शून्य. पण नायलॉनपेक्षा बरीच महाग. शिवाय पीयू दोन जातींचं असतं, ईथर आणि एस्टर. एस्टर जातीचं ओलाव्यात हळूहळू विघटित होतं, आणि माझं कोणतं हे दुकानात कुणाला सांगता आलं नाही. शिवाय काळं. पारदर्शक, ईथर जातीचं खात्रीने मिळालं तर परत घेईन.

आता टोकांविषयी, कारण आमची केबल तिथेच मेली होती. फेरूल दाबण्याआधी तेवढ्या भागातलं कोटिंग सोलून काढावंच लागतं. कोटिंगवरून दाबलं तर प्रेस प्लास्टिक दाबते, पोलाद नाही, आणि भाराखाली केबल आतून निसटते. आमच्या जुन्या केबलला बसवणाऱ्याने तसंच केलं होतं. यू-बोल्टच्या क्लॅम्पचंही तेच. त्यातही खोगीर (क्लॅम्पचा खाचांचा तुकडा) भार घेणाऱ्या बाजूवर आणि यू शेपटीवर, म्हणजे केबलच्या मोकळ्या टोकावर, हे उलटं केलं तर यू भाराच्याच तारा चिरडतो. केबल कापताना आधी टेप गुंडाळा आणि वायर कटरच वापरा. छिन्नीने लडी उसवतात. क्रिंप झाल्यावर मी टोकावर आतून गोंद असलेली पारदर्शक श्रिंक नळी (तापवली की आकसणारी) चढवून गरम करतो. काळी नळी मुद्दाम वापरत नाही.

स्टेनलेस का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. किनाऱ्यावर ३०४ ग्रेडवरही तांबडे डाग पडतात, ३१६ बरं, पण किंमत चढते. शिवाय त्याच जाडीचा स्टेनलेस रोप गॅल्व्हनाइझ्डपेक्षा थोडा कमी भार घेतो. गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीला मी ३१६ वर काळं पीव्हीसी लावलंय. तिथे वळण नाही, घासणं नाही, ऊन मात्र दिवसभर. उन्हात पारदर्शक कोटिंग पिवळं पडून तडकतं, काळ्यातला कार्बन त्याला वाचवतो. तिथे पीव्हीसी मजेत आहे.

क्रॉसओव्हरवर डिसेंबरपासून पारदर्शक नायलॉनच आहे. प्रत्येक मशीनच्या खांबावर केबल बसवल्याची तारीख पांढऱ्या रंगाने लिहिली आहे. लॅटची केबल येत्या जूनमध्ये, कशीही दिसली तरी, उतरवणार आणि उभी कापून आत बघणार.